सभासद-संकेतस्थळांवर अपलोड केलेल्या फायलींचे संरक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, विटा या पट्ट्यातील पतसंस्था, वधू-वर सूचक मंडळे, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि माजी विद्यार्थी संघ यांच्याकडून सभासद-संकेतस्थळांबाबत पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या कार्यालयांतील दप्तरे भिजली आणि त्यानंतर कागद स्कॅन करून ऑनलाइन ठेवण्याकडे अनेक संस्था वळल्या. पाण्याची भीती त्यामुळे मिटली. ते कागद आता कोणाकोणाला दिसू शकतात, याचा विचार मात्र बहुतेक ठिकाणी मागून सुरू झाला. उत्तरे सचिव आणि व्यवस्थापक यांना समजावीत अशी लिहिली आहेत. प्रश्न ४ ते ७ मात्र संकेतस्थळ तयार करणाऱ्या व्यक्तीलाही वाचायला द्यावेत.

१. आमच्या संकेतस्थळाला लॉगिन आहे. मग सभासदांनी अपलोड केलेल्या फायली आपोआप सुरक्षित होत नाहीत का?

बहुतेक संकेतस्थळांवर होत नाहीत. सभासद एखादे पान मागतो तेव्हा सर्व्हरवरचा प्रोग्राम चालू होतो, लॉगिन आहे की नाही हे पाहतो आणि मगच पान दाखवतो. फाइल जर सर्व्हरच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवलेली असेल, तर तिचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकताच सर्व्हर ती थेट देऊन टाकतो. त्या व्यवहारात तुमचा प्रोग्राम जागाच होत नाही, त्यामुळे लॉगिन तपासण्याची वेळही येत नाही. कर्ज अर्जासोबत जोडलेले पगारपत्रक ज्या पानावर दिसते ते पान बंद आहे, पण पगारपत्रकाची पीडीएफ उघडी आहे, अशी स्थिती आम्हाला सर्रास आढळते. पत्ता माहीत असलेल्या कोणालाही ती फाइल मिळते, आणि पत्ते बाहेर जाण्याच्या वाटा पुष्कळ असतात: कार्यालयातील सामायिक संगणकाच्या ब्राउझरचा इतिहास, व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेली लिंक, अर्ज आल्याची सूचना देणारा ईमेल.

२. आमच्या फायली उघड्या आहेत का, हे तांत्रिक माहिती नसताना कसे तपासायचे?

लॉगिन करून स्वतःची एखादी फाइल उघडा आणि वरच्या पट्टीतील तिचा पूर्ण पत्ता कॉपी करा. मग वेगळ्या मोबाइलवर, जिथे त्या संकेतस्थळावर कधीही लॉगिन केलेले नाही तिथे, तो पत्ता उघडून पाहा. त्याच संगणकावर तपासायचे असल्यास इन्कॉग्निटो खिडकी वापरावी, कारण नेहमीच्या खिडकीत ब्राउझर स्वतःकडे साठवलेली जुनी प्रत दाखवू शकतो आणि निष्कर्ष चुकतो. फाइल दिसली तर ती उघडी आहे.

एवढ्यावर थांबू नये. पत्त्यातील फाइलचे नाव खोडून फक्त फोल्डरपर्यंतचा भाग उघडून पाहावा. तिथे फायलींची यादी दिसली, तर कोणाला काही अंदाज बांधण्याचीही गरज उरत नाही. फोटो असेल तर त्याच्या लहान आकाराच्या प्रतीचा पत्ताही तपासावा, कारण मूळ फोटो बंद करून लघुप्रती उघड्या ठेवल्याची उदाहरणे भरपूर आहेत. शेवटची तपासणी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी केली जाणारी आहे: दुसऱ्या सभासदाच्या खात्याने लॉगिन करून पहिल्या सभासदाच्या फाइलचा पत्ता उघडावा. ती का करायची, हे प्रश्न ७ मध्ये सांगितले आहे.

३. फाइलचे नाव लांबलचक आणि अंदाज न लागणारे ठेवले तर पुरेसे नाही का?

अंदाज न लागणारे नाव जरूर ठेवावे, पण त्याला संरक्षण समजू नये. यूयूआयडी या लांबलचक ओळख-क्रमांक बनवण्याच्या पद्धतीच्या चौथ्या प्रकारात १२२ बिट यादृच्छिक असतात, त्यामुळे पत्ते एकामागून एक चाचपून पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, उलट ‘पाटील-आधार-२.पीडीएफ’ या नावाची फाइल शोधायला फारशी बुद्धी लागत नाही. अडचण अशी की असा पत्ता एकदा कोणाच्या हाती पडला की तो कायमचा पडतो. तुम्ही सभासदाचे खाते बंद केले, त्याने पासवर्ड बदलला, तरी पत्ता चालूच राहतो, आणि तो कोणी वापरला याची नोंद व्यक्तीच्या नावाने कुठेच होत नाही. जिथे फाइल फार नाजूक नाही, उदाहरणार्थ माजी विद्यार्थी संघाच्या स्नेहमेळाव्याचे फोटो, तिथे मी एवढ्यावर हरकत घेणार नाही. बँक पासबुक, वैद्यकीय अहवाल, पत्रिका यांच्यासाठी मात्र प्रश्न ४ मधील रचनाच हवी.

४. मग योग्य रचना नेमकी कोणती?

फायली सर्व्हरच्या सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर ठेवाव्यात, म्हणजे कोणत्याही पत्त्याने त्या थेट मागताच येऊ नयेत. प्रत्येक फाइलची नोंद डेटाबेसमध्ये असावी: ती कोणी अपलोड केली, कोणत्या अर्जाशी संबंधित आहे, मूळ नाव काय होते, डिस्कवर ती कोणत्या नावाने ठेवली आहे. फाइल मागितली की विनंती एका प्रोग्रामकडे जावी. त्याने आधी लॉगिन तपासावे, नंतर या व्यक्तीला ही विशिष्ट फाइल पाहण्याचा हक्क आहे का ते तपासावे, आणि दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच फाइल द्यावी. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्जदाराला आत सोडत नाहीत. कारकून अर्ज पाहतो आणि तेवढाच कागद काढून आणतो. प्रोग्रामचे कामही तेवढेच आहे.

काही बारकावे मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण कल्पना बरोबर असूनही काम इथेच बिघडते. प्रोग्रामला फाइलचे नाव पाठवू नये, डेटाबेसमधील क्रमांक पाठवावा. नाव पाठवण्याची सोय ठेवली, तर कोणीतरी त्या जागी दोन टिंबे आणि तिरकी रेघ वापरून वरच्या फोल्डरमध्ये शिरतो आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइलच मागून घेतो. हक्क नसलेल्या व्यक्तीला ‘परवानगी नाही’ असे ४०३ उत्तर देण्याऐवजी ‘सापडले नाही’ असे ४०४ उत्तर द्यावे, म्हणजे अशी फाइल अस्तित्वात आहे हेसुद्धा तिला कळत नाही. फाइल देताना तिचा योग्य प्रकार सांगावा आणि ब्राउझरने प्रकाराचा स्वतःहून अंदाज बांधू नये यासाठी ‘नोस्निफ’ ही सूचना पाठवावी.

मोठ्या फायली पीएचपीसारख्या प्रोग्राममधून वाचून पाठवल्या तर सर्व्हर दमतो. त्यासाठी तपासणी प्रोग्रामने करायची आणि प्रत्यक्ष वाटपाचे काम वेब सर्व्हरकडे सोपवायचे, अशी सोय उपलब्ध आहे. अपाचे या वेब सर्व्हरमध्ये एक्स-सेंडफाइलचे वेगळे मॉड्यूल बसवावे लागते. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट अंगभूत आहे आणि ज्या जागेवरून फाइल द्यायची ती ‘इंटर्नल’ म्हणून घोषित केली की बाहेरून थेट विनंती चालत नाही. ऑनलाइन शिकवणीच्या तासभराच्या चित्रफिती ठेवणाऱ्यांनी ही सोय वापरावीच, कारण चित्रफीत मधूनच पुढे सरकवता येण्यासाठी लागणारा फाइलचा तुकडा देण्याचे काम वेब सर्व्हर स्वतः नीट करतो.

५. आमचे होस्टिंग स्वस्तातले, सामायिक आहे. सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर जाता येते का?

बहुधा येते. सामायिक होस्टिंगच्या खात्यात ‘पब्लिक एचटीएमएल’ हा फोल्डर असतो. त्याच्या शेजारी, आत नव्हे, दुसरा फोल्डर करता येतो आणि तुमचा प्रोग्राम तिथली फाइल वाचू शकतो. हे सर्वांत सोपे आहे आणि यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

काही कारणाने फायली आतच ठेवाव्या लागल्या, तर त्या फोल्डरमध्ये एचटीॲक्सेस फाइल ठेवून थेट प्रवेश बंद करण्याची पद्धत आहे. अपाचे २.४ मध्ये ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ ही ओळ लागते. जुन्या लेखांतून उचललेली ‘डिनाय फ्रॉम ऑल’ ही २.२ च्या काळातील ओळ आहे. मात्र ही पद्धत सर्व्हरच्या मर्जीवर चालते. एनजिनएक्स ही फाइल वाचतच नाही. अपाचेतही मुख्य मांडणीत ‘अलाउ ओव्हरराइड’ बंद असेल, तर ती दुर्लक्षिली जाते. काही होस्टिंगमध्ये पुढे एनजिनएक्स आणि मागे अपाचे अशी जोडी असते. फोटो आणि पीडीएफ एनजिनएक्स परस्पर देऊन टाकतो आणि मागे बसलेल्या अपाचेला विनंती आल्याचे कळतही नाही. होस्टिंग बदलले की ही अडचण अचानक उद्भवते: संकेतस्थळ जसेच्या तसे चालते, कोणतीही त्रुटी दिसत नाही आणि बंद असलेला फोल्डर गुपचूप उघडा झालेला असतो. म्हणून होस्टिंगच्या प्रत्येक स्थलांतरानंतर प्रश्न २ मधील तपासणी पुन्हा करावी.

६. आम्ही वर्डप्रेस आणि सभासदत्वाचा प्लगइन वापरतो. त्याने काम होत नाही का?

प्लगइन काय बंद करतो हे नीट वाचावे लागेल. बहुतेक सभासदत्व प्लगइन पाने आणि लेख बंद करतात. फायली मात्र वर्डप्रेसच्या ठरलेल्या अपलोड्स फोल्डरमध्ये वर्ष आणि महिना यांच्या उपफोल्डरांत जातात, आणि तो फोल्डर सार्वजनिक असतो. काही प्लगइन फायलींच्या संरक्षणाची वेगळी सोय देतात, पण ती सुरू करावी लागते आणि अनेकदा ती प्रश्न ५ मधील एचटीॲक्सेस पद्धतीवरच उभी असते.

वर्डप्रेसमध्ये आणखी दोन ठिकाणी लक्ष द्यावे लागते. फोटो अपलोड होताच त्याच्या अनेक आकारांच्या प्रती तयार होतात, ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची लहान केलेली प्रत वापरात येते आणि मूळ फोटो तसाच शिल्लक राहतो. मुख्य फोटो हटवणाऱ्या किंवा हलवणाऱ्या घरगुती प्रोग्रामने या सगळ्या प्रती हाताळल्या आहेत का, हे पाहावे. दुसरे ठिकाण रेस्ट एपीआयचे, म्हणजे इतर प्रोग्रामना माहिती देणाऱ्या वर्डप्रेसच्या मार्गाचे: कोणत्याही लेखाला न जोडलेल्या मीडिया फायलींची यादी, पत्त्यांसह, तिथे लॉगिनशिवाय मिळू शकते. सभासदांची कागदपत्रे मीडिया लायब्ररीत जातच नसतील, तर ही चिंता मुळातच राहत नाही, आणि माझा सल्ला तोच आहे. ती लायब्ररी संकेतस्थळाच्या सजावटीसाठी आहे. कर्जदारांच्या कागदपत्रांसाठी तिचा वापर करू नये.

संपर्क-अर्जाचे प्लगइनही तपासून घ्यावेत. अर्जासोबत आलेली फाइल ते वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवतात आणि त्या फोल्डरकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नसते.

७. लॉगिन तपासले जाते, तरी पत्त्यातील क्रमांक बदलल्यावर दुसऱ्या सभासदाची फाइल दिसली. हे कसे?

प्रोग्राम ‘हा कोणी तरी सभासद आहे’ एवढेच तपासतो. ‘ही फाइल याची आहे का’ हे तपासत नाही. सगळ्या उणिवांत ही सर्वांत सामान्य आहे आणि आपली रोजची कामे करताना ती कोणाच्या लक्षात येत नाही, कारण प्रत्येक सभासद आपलीच लिंक दाबत असतो. ओवास्प या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वेब-धोक्यांच्या यादीत सदोष प्रवेश-नियंत्रणाला पहिले स्थान दिले. २०१७ च्या यादीत तेच पाचव्या स्थानी होते. अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या मालमत्ता-हक्क विम्याच्या कंपनीच्या बाबतीत २०१९ मध्ये असेच उघड झाले: कागदपत्राच्या लिंकमधील क्रमांक बदलला की दुसऱ्याचे कागद दिसत, आणि अशा प्रकारे उघड्या असलेल्या नोंदींची संख्या सुमारे ८८ कोटी ५० लाख होती. तिथे तर लॉगिनही लागत नव्हते.

उपाय सरळ आहे. डेटाबेसमधून फाइल शोधतानाच फाइलचा क्रमांक आणि लॉगिन केलेल्या सभासदाचा हक्क या दोन्ही अटी एकत्र लावाव्यात. सभासदाचा क्रमांक ब्राउझरकडून आलेला कधीही घेऊ नये. तो सत्रातून, म्हणजे लॉगिनच्या वेळी सर्व्हरने स्वतःकडे ठेवलेल्या नोंदीतून घ्यावा. पतसंस्थेत यातही पेच येतो, कारण कर्जाच्या फाइलवर कर्जदार, जामीनदार, शाखाधिकारी आणि कर्ज समिती अशा अनेकांचा वेगवेगळा संबंध असतो. जामीनदाराने ज्या करारावर सही केली तो त्याला दिसावा, पण कर्जदाराचे पगारपत्रक दिसावे का? हा निर्णय प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोडू नये. संचालक मंडळाने कोणाला कोणता कागद दिसेल, याचा तक्ता आधी मंजूर करावा आणि मग प्रोग्राम लिहून घ्यावा. हा तक्ता नसणे हेच बहुतेक ठिकाणी मूळ दुखणे आहे.

८. आमचे वधू-वर मंडळ आहे. फोटो सर्व सभासदांना दिसले पाहिजेत, पण ते मंडळाबाहेर व्हॉट्सॲपवर फिरू नयेत. ते थांबवता येईल का?

ज्याला फोटो पाहण्याचा हक्क आहे त्याला त्याची प्रत काढण्यापासून पूर्णपणे रोखता येत नाही. उजव्या बटणावर बंदी घालणे, फोटोवर पारदर्शक थर ठेवणे, या युक्त्यांनी स्क्रीनशॉट थांबत नाही. दुसऱ्या मोबाइलने पडद्याचा फोटो काढणाऱ्याला तर कोणीच थांबवू शकत नाही. हे पालकांना नोंदणीच्या वेळीच स्पष्ट सांगणे, खोटी हमी देण्यापेक्षा बरे.

जे करता येते ते मात्र उपयोगी आहे. यादीत लहान, कमी स्पष्टतेचा फोटो दाखवावा आणि मोठा फोटो, पत्रिका व संपर्क क्रमांक समोरच्या कुटुंबाने विनंती मान्य केल्यावरच उघडावेत. मोठ्या फोटोवर पाहणाऱ्या सभासदाचा नोंदणी क्रमांक फिकट अक्षरांत उमटवावा. तो फोटो बाहेर सापडला तर कोणाकडून गेला ते कळते, आणि हे माहीत असल्यामुळे पुष्कळ लोक पाठवण्याआधी थांबतात. एका दिवसात शेकडो फोटो उघडणारे खाते आपोआप थांबवावे. लग्न ठरले की स्थळ काढून टाकण्याची सोय सभासदाच्या स्वतःच्या हातात द्यावी आणि ती दाबल्यावर काय काय हटते, ते प्रश्न १४ प्रमाणे ठरवावे.

९. सभासदाची फाइल गूगलवर शोधली की दिसते. रोबोट्सच्या फाइलमध्ये तो फोल्डर लिहिला तर प्रश्न सुटेल का?

नाही. रोबोट्सची फाइल ही शोधयंत्रांना केलेली विनंती आहे; २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ म्हणून प्रमाणित झालेल्या तिच्या नियमावलीतच ती प्रवेश-नियंत्रणाचा प्रकार नाही असे म्हटले आहे. त्यातून ती फाइल सर्वांना वाचता येते, म्हणजे गुप्त फोल्डरचे नाव तुम्हीच जाहीर करता. आणखी एक गुंतागुंत अशी की रोबोट्समध्ये पत्ता रोखला, तर गूगल तिथे जात नाही आणि ‘अनुक्रमणिकेत घेऊ नका’ ही तुम्ही त्या फाइलसोबत पाठवलेली सूचना त्याला दिसतच नाही.

क्रम असा ठेवावा: आधी फाइल खरोखर बंद करावी, मग गूगलच्या सर्च कन्सोलमधील काढून टाकण्याचे साधन वापरावे. ते साधन निकाल सुमारे ६ महिने लपवते. तेवढ्यात गूगल पुन्हा येऊन गेला आणि त्याला फाइल मिळाली नाही, की निकाल कायमचा जातो. फाइल उघडी ठेवून फक्त हे साधन वापरले, तर ती पुन्हा दिसू लागते.

१०. फाइल बंद केली, तरी काही दिवस ती बाहेरून दिसत राहिली. कारण काय?

मधल्या सीडीएनने, म्हणजे फायलींच्या प्रती स्वतःकडे ठेवून त्या जलद पोहोचवणाऱ्या सेवेने, प्रत साठवून ठेवली असणार. क्लाउडफ्लेअरसारखी सेवा पत्त्याच्या शेवटचे विस्तारनाम पाहून काय साठवायचे ते ठरवते. जेपीजी आणि पीडीएफ त्यात येतात. लॉगिन असलेल्या सभासदाने एकदा फाइल उघडली की तीच प्रत पुढच्या कोणालाही मिळू शकते. सर्व खासगी फायलींसोबत ‘कॅशे-कंट्रोल : प्रायव्हेट, नो-स्टोअर’ ही सूचना पाठवावी. ‘सगळे साठवा’ असा नियम सीडीएनच्या मांडणीत कोणी वेग वाढवण्यासाठी लावला असेल तर खासगी फायलींचा मार्ग त्यातून वगळावा, आणि आधीच साठलेल्या प्रती सीडीएनच्या पॅनलमधून पुसाव्यात.

११. फायली क्लाउडवर ठेवल्या तर ही सगळी कटकट वाचते का?

जागेची आणि वेगाची वाचते, हक्क तपासण्याची वाचत नाही. ॲमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठवण सेवेत एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटवर, म्हणजे फायलींच्या कप्प्यावर, सार्वजनिक प्रवेश मुळातच बंद असतो. त्याआधीच्या जुन्या बकेट तपासून घ्याव्यात. ‘फोटो दिसत नाहीत’ म्हणून कोणी ते कुलूप काढले असेल, तर तेही पाहावे.

खासगी बकेटमधील फाइल देण्यासाठी मुदतीची स्वाक्षरी असलेली लिंक तयार करतात. एस३ मध्ये अशी लिंक जास्तीत जास्त ७ दिवसांची असू शकते, पण ती ज्याच्या हातात आहे त्याला चालते, त्यामुळे मुदत काही मिनिटांचीच ठेवावी. हक्काची तपासणी लिंक तयार करण्यापूर्वी करावी आणि लिंक प्रत्येक वेळी नवी बनवावी. ईमेलमध्ये ती कधीही पाठवू नये. ईमेलमध्ये संकेतस्थळावरील पानाचा पत्ता द्यावा, जिथे लॉगिन करूनच पुढे जाता येते.

१२. सभासदानेच घातक फाइल अपलोड केली तर?

सर्वांत मोठा धोका असा की फोटो म्हणून पीएचपी प्रोग्राम अपलोड केला जातो आणि त्याचा पत्ता उघडला की तो सर्व्हरवर चालतो. तिथून पुढे सर्वांच्याच फायली त्या माणसाच्या हातात जातात. फायली सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर असतील, तर हा मार्ग बहुतांशी बंद होतो. त्याखेरीज परवानगी असलेल्या प्रकारांची छोटी यादी ठेवावी, विस्तारनामावर विश्वास न ठेवता आतील मजकूर तपासावा, डिस्कवर सभासदाने दिलेले नाव न वापरता स्वतः नाव द्यावे आणि फोटो पुन्हा नव्याने जतन करून घ्यावा. एसव्हीजी हा चित्राचा प्रकार असला तरी त्यात स्क्रिप्ट दडवता येते. पतसंस्थेला त्याची गरज नसते, तो नाकारावा. क्लॅमएव्ही हे मोफत विषाणूशोधक साधन सर्व्हरवर बसवता येते, परंतु ते वरील काळजीच्या जागी नाही, तिच्या जोडीला आहे.

१३. फोटोतून घराचे ठिकाण कळते हे खरे आहे का?

मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद सुरू असेल, तर खरे आहे. फोटोच्या फाइलमध्ये आपोआप साठणाऱ्या एक्झिफ माहितीत अक्षांश-रेखांश, वेळ आणि मोबाइलचे मॉडेल येते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास ती निघून जाते, पण दस्तऐवज म्हणून पाठवल्यास राहते. संकेतस्थळावर थेट अपलोड केलेल्या मूळ फाइलमध्येही ती राहते. वधू-वर मंडळांनी ती अपलोडच्या वेळीच पुसावी. शेतकरी उत्पादक कंपनीला द्राक्षबागेच्या फोटोतील ठिकाण हवेच असेल, तर ते वाचून डेटाबेसमध्ये वेगळे ठेवावे आणि इतरांना दाखवायच्या प्रतीतून काढावे.

१४. सभासदत्व संपले किंवा सभासदाने फाइल हटवली, तर नक्की काय हटले पाहिजे?

डेटाबेसमधील नोंद, मूळ फाइल, तिच्या सगळ्या लघुप्रती, सीडीएनमधील प्रत, आणि पुढे ठरलेल्या मुदतीत बॅकअपमधील प्रत. अनेक संकेतस्थळांवर ‘हटवा’ दाबल्यावर फक्त यादीतील ओळ नाहीशी होते. कर्जाच्या कागदपत्रांसारखे काही दस्त संस्थेला नियमांनुसार ठराविक काळ ठेवावे लागतात. ते सभासदाच्या खात्यातून काढून, फक्त नेमलेल्या अधिकाऱ्याला दिसतील असे ठेवावेत आणि सभासदाला तसे कळवावे.

१५. बॅकअपलाही हीच काळजी लागते का?

जास्तच लागते, कारण एका झिप फाइलमध्ये सगळ्यांचे सगळे असते. सर्व्हरच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ‘बॅकअप’ नावाची झिप ठेवून देणे ही सवय ताबडतोब मोडावी. असे नेहमीचे पत्ते चाचपणारे स्वयंचलित प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. बॅकअप सांकेतिक (एन्क्रिप्ट) करून, वेगळ्या ठिकाणी ठेवावा, आणि पूररेषेचा विचार करता दुसरी प्रत नदीकाठच्या कार्यालयातच ठेवू नये.

१६. आधार कार्डाची प्रत सर्वच संस्था मागतात. आम्हीही घ्यावी का?

कायद्याने किंवा व्यवहाराने ती लागतच असेल तरच. जी फाइल तुमच्याकडे नाही ती तुमच्याकडून फुटत नाही, आणि या पृष्ठावरील कोणत्याही तांत्रिक उपायापेक्षा हा उपाय स्वस्त आहे. ओळख पटवण्यापुरतीच गरज असेल, तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळणारे, पहिले ८ अंक झाकलेले आणि शेवटचे ४ दिसणारे मास्क्ड आधार मागावे. ओळख प्रत्यक्ष पाहून ‘मूळ पाहिले’ अशी नोंद केली तरी अनेक मंडळांचे काम भागते. स्नेहमेळाव्याच्या नोंदणीसाठी आधार मागणारे अर्जही आमच्याकडे आले आहेत. त्यांना आम्ही नम्रपणे तो रकाना काढायला सांगतो.

१७. सातबारा तर सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. मग आमच्याकडचा सातबारा लपवून काय साधते?

एकटा सातबारा लपवण्यात फारसा अर्थ नाही, हे मान्य. पण सभासदाच्या फाइलमध्ये तो एकटा नसतो: त्याच्यासोबत पासबुक, सहीचा नमुना, मोबाइल क्रमांक आणि फोटो असतो. हे सगळे एका ठिकाणी मिळाल्यावर त्या व्यक्तीच्या नावाने बनावट अर्ज करणे सोपे होते. संच म्हणून तो बंदच ठेवावा.

१८. फाइल बाहेर गेल्याचे लक्षात आले, तर पहिल्या दिवशी काय करावे?

फाइलचा मार्ग बंद करावा, पण सर्व्हरवरील काहीही पुसू नये. सर्व्हरच्या नोंदी लगेच वेगळ्या जतन कराव्यात; कोणत्या पत्त्यावरून कोणत्या फायली नेल्या गेल्या हे त्यातूनच कळते. सर्टइन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात. ६ तास फार थोडे असतात; कोणी कळवायचे हे आधीच ठरलेले असावे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सुरक्षेच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. तेव्हापासून डेटा फुटल्यास बाधित व्यक्तींना आणि या अधिनियमाखालील डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवणे व मंडळाला ७२ तासांत सविस्तर माहिती देणे आवश्यक राहील. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तालुक्याच्या संस्थेला एवढा दंड होईल असे कोणी म्हणत नाही, परंतु संस्था लहान आहे म्हणून सुरक्षेची जबाबदारी संपत नाही. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेणाऱ्या शिकवण्यांनी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूदही लक्षात घ्यावी.

१९. वार्षिक अहवाल आणि सभेची नोटीसही लॉगिनमागेच ठेवावी का?

ठेवू नये. ज्या फायली सर्वांनी वाचाव्यात अशी संस्थेची इच्छा आहे, त्या वेगळ्या सार्वजनिक फोल्डरमध्ये उघड्या ठेवाव्यात. दोन्ही प्रकार एकाच फोल्डरमध्ये असले की नोटीस उघडत नाही अशी ज्येष्ठ सभासदांची तक्रार येते, आणि ती मिटवण्यासाठी कोणीतरी संपूर्ण फोल्डरच उघडा करतो.

२०. लेखापरीक्षक आमचा सभासद नाही, पण त्याला ठराविक कर्जप्रकरणे दाखवायची आहेत. काय करावे?

व्यवस्थापकाचा पासवर्ड देऊ नये. आपल्या भागात हाच सर्रास प्रघात आहे आणि नंतर कोणी काय पाहिले याचा काहीच हिशेब लागत नाही. लेखापरीक्षकाच्या नावाने स्वतंत्र खाते काढावे, त्याला फक्त निवडलेल्या प्रकरणांचा आणि फक्त वाचण्याचा हक्क द्यावा, आणि खाते लेखापरीक्षणाच्या अखेरच्या तारखेला आपोआप बंद होईल असे करावे. एवढी सोय प्रोग्राममध्ये नसेल, तर ती प्रकरणे कार्यालयातील संगणकावर, संस्थेच्या अधिकाऱ्यासमोर दाखवावीत. संकेतस्थळ बनवणाऱ्या व्यक्तीलाही हेच लागू आहे: दुरुस्तीसाठी तिला सर्व्हर लागतो, पण दुरुस्तीची चाचणी खऱ्या सभासदांच्या कागदपत्रांवर करण्याची गरज नसते, त्यासाठी नमुना फायली द्याव्यात आणि काम झाल्यावर तिचा पासवर्ड बदलावा.